एक टीव्ही घराबाहेर काढायचा होता

...नाही नाही, बंद नव्हता! सगळ्यांचा हाच गैरसमज. बंद असता तर प्रश्नच नव्हता हो, बंद पडलेल्या वस्तूचं माणूस मनाला लावून घेत नाही, गेली बिचारी म्हणतो आणि सोडून देतो. हा चालू होता. फक्त हिरवा दिसायचा. बातम्या देणारी बाई हिरवी, हवामान सांगणारा हिरवा, फुटबॉल लावला तर... मैदानाचं ठीक आहे, मैदान हिरवंच असतं, पण पंचही हिरवा, बॉलही हिरवा, दोन्ही संघ हिरवे! गोल झाला की आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो, की आता आनंद करायचा का रडायचं? आणि टीव्हीला मागे हे एवढं पोट! म्हणजे तुम्हाला सांगतो, लोकांच्या दिवाणखान्यात टीव्ही असतो, आमचा दिवाणखाना टीव्हीनं सोडलेल्या जागेत होता.

तर एके दिवशी सकाळी बायको, उम्म घैथ, म्हणजे आमच्या थोरल्या घैथची आई, पुदिन्याचा चहा माझ्यासमोर आदळते आणि म्हणते, "अबू घैथ, पुढच्या शुक्रवारी जाहा येणार. त्याच्या आधी हा टीव्ही गेला पाहिजे."

जाहा म्हणजे मुलीला मागणी घालायला मुलाकडची वडीलधारी मंडळी येतात ती. आमच्या रंदला स्थळ आलं होतं. मुलगा उसैद, इथे अम्मानमध्येच पुलांचा इंजिनियर, पण माणसं करक गावची. आणि करकची माणसं, तुम्हाला सांगतो, दोन-चार येत नाहीत. करकची माणसं यायला निघाली की मागे करकमध्ये कुलूप लावायला कुणी उरत नाही. आता बोलणं तसं आधी झालेलं असतं, जाहा ही आपली रीत म्हणून. पण रीत म्हणून काय झालं? माझ्या मावसभावाकडे आलेली जाहा कॉफीला हात न लावता उठून गेली होती, त्या कॉफीचं लोक अजून बोलतात. आणि त्यात आमची रंद! आधी "हो" म्हणाली, मग शुक्रवार जवळ यायला लागला तसं त्या "हो"चं "बघू" व्हायला लागलं. मी म्हटलं, "बघू म्हणजे? काय वाईट आहे मुलात?" तर म्हणे, "वाईट काहीच नाही बाबा. पण चांगलंही काही दिसत नाही. तो बोलतच नाही!" आता न बोलणारा नवरा म्हणजे काय वाईट आहे? पण हे उम्म घैथसमोर म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं, मुलीचं मुलगी बघेल, आपण आपलं काम बघू. एक टीव्ही तर घराबाहेर काढायचा. एक! त्यात काय एवढं?

आमच्या गल्लीत तो भंगारवाल्याचा पिकअप येतो ना, कर्णा लावून, "जुने फ्रीऽऽज, जुनी वॉशिंग मशीऽऽन, जुने टीव्हीऽऽ, मोडकंतोडकं घेऊन जाऽऽतो"... आयुष्यभर माझी दुपारची झोप त्या माणसानं खाल्ली. रोज! डोळा लागला की फ्रीऽऽज. आणि आता मला हवा म्हटल्यावर? गायब! मी तीन दुपारी गच्चीच्या कठड्याला टेकून त्याची वाट बघितली, जशी कुणी परदेशातल्या मुलाची बघावी. चौथ्या दुपारी मी न्हाणीघरात असताना आला. तुम्हाला सांगतो, ओल्या डोक्यानं, सपाता घालून, लुवैबदेच्या चढावर मी त्याच्या मागे धावलो. आमचा चढ तुम्हाला माहीत नाही, तिथे मांजरसुद्धा मध्ये थांबून दम खातं. गाठला एकदाचा. वर आणला. त्यानं टीव्हीकडे बघितलं, जसं डॉक्टर एक्सरेकडे बघतात, आणि म्हणाला,

"हाजी, हा नको."

"नको? अरे, जुने टीव्ही म्हणून कोण ओरडतंय मग?"

"ते मी नाही ओरडत. ते रेकॉर्डिंग आहे. माझा मेहुणा ओरडलाय ते. त्याला विचारा."

आता मेहुणा कुठे? तर म्हणे दुबईला. गेला निघून! आणि हा भंगारवाला जाताना आमचा टोस्टर मात्र घेऊन गेला, तो चांगला होता, उम्म घैथ अजून मला त्याबद्दल बोलते.

मी म्हटलं, ठीक आहे, भंगारात कशाला, दान करू. पुण्यही लागेल, जागाही होईल. एका संस्थेला फोन केला, गरजूंना सामान देतात ते लोक. फोनवर बाई. आवाज असा गोड की मधात बुडवून काढलेला.

"चालू आहे का काका?"

"चालू आहे!"

"रिमोट आहे?"

"आहे. बॅटरीचं झाकण नाही, रबर लावलंय."

"चित्र कसं दिसतं?"

आता खोटं कसं बोलायचं? मी म्हटलं, "दिसतं चांगलं... जरा हिरवं."

मग ती तितक्याच गोड आवाजात म्हणते, "काका, गरिबांनाही रंग दिसतात हो."

वाक्य खरं होतं ना!

मग मी ठरवलं, लाज सोडायची. दोन मजुरांना बोलावून टीव्ही खाली नेला आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पेटीशेजारी ठेवला. भर दुपारी, राजरोस. वर आलो, मोकळ्या जागेकडे बघत दिवाणखान्यात एक फेरी मारली, काय ऐसपैस वाटत होतं! तेवढ्यात जिन्यावर धापा. दार उघडतो तर तळमजल्यावरचा अबू कायद. सैन्याच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा, निवृत्त झाला तरी छाती तशीच. आणि त्या छातीवर, दोन्ही हातांत कवटाळलेला, माझा टीव्ही!

"अबू घैथ! अल्लानं वाचवलं! कुणीतरी तुझा टीव्ही चोरून कोपऱ्यापर्यंत नेला होता रे! तिथेच टाकून पळाले. मी ओळखला, म्हटलं हा तर आपल्या अबू घैथचा!"

तिसऱ्या मजल्यापर्यंत एकट्यानं आणला होता माणसानं. घामानं निथळत होता. मी म्हटलं, "अल्ला तुला बरकत देवो," उम्म घैथनं त्याला चहा दिला, बक्लावा दिला, आणि तो म्हणाला, चालतोय का बघू तरी, चोरांनी काही केलं तर नाही ना? लावला. मॅच चालू होती. हिरवी. मॅच संपेपर्यंत बसला आणि उठताना म्हणतो, "चित्र बरं आहे की!" मला फक्त एक टीव्ही घराबाहेर काढायचा होता हो. एक! तो शेजाऱ्यासकट घरात आला.

आणि मग, तुम्हाला सांगतो, मी ती चूक केली. हात दाखवून अवलक्षण! कुणीतरी सांगितलं, मॉलमध्ये जुनी यंत्रं नीट विल्हेवाटीसाठी घेतात. टॅक्सीत टीव्ही घातला. टॅक्सीवाला सज्जन, त्यानं टीव्हीला पट्टा लावला, मला नाही लावला. मॉलमध्ये गेलो तर काय, हिरवी पेटी, हिरवा फलक, हिरवं जाकीट घातलेली मुलगी... मला क्षणभर वाटलं, टीव्हीचा रोग माझ्या डोळ्यांना लागला! चष्म्याचा धंदा करण्यात माझा जन्म गेला, आता मुलगा बघतो दुकान, म्हटलं पहिलं त्याच्याकडे जाऊन डोळे तपासून घ्यावे. पण नाही, ते सगळं खरंच हिरवं होतं. आणि त्या पेटीला फट किती? मोबाईल जाईल एवढी!

मुलीचं नाव लुजैन. अशी तळमळीची मुलगी मी आयुष्यात बघितली नाही. टीव्ही बघून तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

"काका, तुम्ही हा कचऱ्यात नाही टाकलात ना?"

मी म्हटलं, "छे! मनातसुद्धा नाही आलं."

"ह्याच्या काचेत शिसं असतं काका! विषारी असतं!"

"अगं, इतकी वर्षं आम्ही ह्याच्याकडे तोंड करून जेवलो!"

"जेवायला हरकत नाही. फोडायचा नाही."

मग म्हणे, एवढी मोठी वस्तू पेटीत जात नाही, त्यासाठी ट्रक येतो, पण एका टीव्हीसाठी ट्रक येत नाही, मोहल्ल्याचं सामान एका जागी जमलं की येतो. "तुमचा मोहल्ला कुठला? लुवैबदे? अरेरे, लुवैबदेला आमचं कुणीच नाही..." हे तिनं अशा सुरात म्हटलं की अनाथ पोरानं म्हणावं. आणि माझ्या तोंडून गेलं, "कुणी नाही कसं? मी आहे ना!"

मी आहे ना! कोण होतो मी? काय गरज होती? तिनं टाळ्या वाजवल्या, माझा टीव्हीवर हात ठेवलेला फोटो काढला, पत्ता घेतला, आणि मी टीव्ही घेऊन घरी पोचतो न पोचतो तोवर मी इंटरनेटवर होतो. "लुवैबदेचे आपले नवे स्वयंसेवक अबू घैथ! जुनी उपकरणं त्यांच्या घरी आणून द्या!" पत्त्यासकट. मजल्यासकट.

पहिली बेल वाजली तेव्हा मी कपडे बदलत होतो. दारात एक बाई, हातात इस्त्री.

"तुम्हीच का ते?"

"कोण ते?"

"हिरवे काका!"

इस्त्री दिली, बसली, कॉफी प्याली, आणि ही इस्त्री विकत आणणाऱ्या नवऱ्याबद्दल जेवणाच्या वेळेपर्यंत बोलली. मग पंखे आले. मग केस वाळवायची यंत्रं आली, आमच्या मोहल्ल्यात एवढे केस आहेत हे मला माहीतच नव्हतं. मग मिक्सर, हीटर, पाण्याचे कूलर, फ्रीज, वॉशिंग मशीन. एक गृहस्थ धावपट्टी घेऊन आले, ते घरातल्या घरात चालायचं यंत्र, चार जणांनी उचललेलं. इकडे तिकडे बघत कानात सांगतात, "माझ्या बायकोला कळू देऊ नका." दुसऱ्या दिवशी त्यांची बायको हजर! "आमचं यंत्र इथे आलंय का?" मी बोटानं दाखवलं. तिनं धावपट्टीकडे बघितलं, एक निःश्वास टाकला आणि म्हणाली, "राहू दे. पण मला कळलंय हे त्याला सांगू नका." एक म्हातारे रेडिओ देऊन गेले, आणि रोज संध्याकाळी तोच रेडिओ ऐकायला यायला लागले. मी म्हटलं, "अहो, मग दिलात कशाला?" तर म्हणतात, "घरात जागा नाही."

घरात जागा नाही! माझ्या घरात होती? दिवाणखाना भरला, बाल्कनी भरली, मग जिना. अबू कायद आनंदानं सगळ्यांचं सामान वर आणून देत होता, त्याला पुन्हा सैन्यात गेल्यासारखं वाटत होतं. आणि उम्म घैथनं माझ्याशी बोलणं सोडलं. ती फक्त वस्तूंशी बोलायची. "हे बघ फ्रीज, तुझ्या मालकाला सांग, जेवण वाढलंय." "पंख्या, त्याला सांग, गुरुवार आला." आणि रंद? रंद सामानातून वाट काढत कामावर जायची, वाट काढत यायची, आणि लग्नाचं विचारलं की... "बघू."

गुरुवारी ट्रक येणार होता. लुजैननं शब्द दिला होता. मी फोन केला तर ती आनंदानं किंचाळली.

"काका, एवढं जमलं? मग छोटा ट्रक नाही पुरणार! मोठा पाठवते, रविवारी!"

"अगं बाई, उद्या माझ्या मुलीची जाहा आहे!"

"मबरूक काका! अभिनंदन! आम्हाला गोड म्हणून कुनाफा हवा हं!"

एक टीव्ही, लोकहो. एक टीव्ही मला घराबाहेर काढायचा होता!

शुक्रवार. तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज झाली आणि खाली गाड्या लागायला लागल्या. लागतच राहिल्या. मी खिडकीतून बघतोय, करकचे लोक उतरताहेत, लाल-पांढरे शेमाघ रुमाल डोक्याला, वर काळ्या दोरीचे अगाल, खांद्यावर पुरुषांचे पायघोळ अबाया, एकेक माणूस किल्ल्याच्या बुरुजासारखा. पुढे मुलाचा बाप, अबू तराद. जाहात बोलायला एरवी कुणीतरी मोठा माणूस पुढे करतात, पण अबू तराद स्वतःच मोठा माणूस, तो दुसऱ्याला कशाला बोलू देईल? आणि त्यांच्यासमोर आमचा जिना! एका बाजूला फ्रीज, एका बाजूला वॉशिंग मशीन, मधून एका माणसाची वाट. सगळी जाहा एकामागोमाग एक अशी वर यायला लागली. अबायाचे काठ पंख्यांत अडकताहेत. दुसऱ्या मजल्यावर अबू तरादांचे गुडघे बोलले, तर ते एका वॉशिंग मशीनवर बसले. मागचे सगळे जागच्या जागी थांबले. मी वरून, "अहलन! अहलन व सहलन!" म्हणून स्वागत करतोय, आवाज फ्रीजांमधून घुमतोय.

कसेबसे आत बसले. खुर्च्या कमी पडल्या, काही जण कूलरवर बसले, एक काका धावपट्टीवर. अबू कायदनं अबू तरादांसमोर कडू कॉफीचा पेला ठेवला. रीतीप्रमाणे त्यांनी तो उचलला नाही. मागणी मान्य होईपर्यंत पीत नाहीत. पण मागणीही घालेनात! नुसते बघताहेत. फ्रीजकडे, माझ्याकडे, मिक्सरांच्या ढिगाकडे, माझ्याकडे. मग म्हणाले, सावकाश,

"अबू घैथ, आम्ही चौकशी केली होती. लोक म्हणाले चष्म्याचं दुकान. मला इथे चष्मा एकही दिसत नाही."

त्यांनी पेला बोटानं जरा दूर सरकवला.

"भंगाराचा धंदा वाईट नाही. घामाची भाकरी आहे. पण आमच्याशी कुणी खोटं बोललं असेल, तर ही कॉफी अशीच राहील."

मला मावसभावाची कॉफी आठवली. आणि मग मी बोलायला लागलो. सगळं सांगितलं. आता तुम्हाला सांगितलं तसंच, सुरुवातीपासून, हिरव्या बाईपासून, मेहुण्यापासून, गरिबांनाही रंग दिसतात इथपासून, टॅक्सीतल्या पट्ट्यापर्यंत. वाटलं होतं हसतील. कुणी हसेल तर शपथ! एवढे शेमाघ, एकही हलला नाही. मध्ये फक्त रेडिओवाले म्हातारे दारात आले, एवढी गर्दी बघून म्हणाले, "बातम्या लागल्या का?" आणि कुणीतरी त्यांना बसायला जागा करून दिली.

माझं संपलं. अबू तरादांनी घसा खाकरला, उभे राहिले, अल्लाचं नाव घेतलं आणि रीतसर, भारदस्त आवाजात, उसैदसाठी रंदचा हात मागितला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मी म्हटलं, "एक मिनिट," आणि स्वयंपाकघरात पळालो. कारण तिकडे "बघू" बसली होती ना!

रंद खिडकीशी उभी होती, खिडकी जिन्याच्या बाजूची. मी म्हटलं, "पोरी, बाहेर माणसं थांबलीत. तुझं नाही असेल तर नाही सांग, मी बाहेर जाऊन सांगेन, काय व्हायचं ते होऊ दे. पण बघू म्हणू नकोस."

ती म्हणाली, "बाबा, तो वर आलाच नाही."

"कोण?"

"उसैद. बघा ना."

मी बघितलं. सगळे वर निघून गेल्यावर हा पठ्ठ्या मागे जिन्यात राहिला होता. परतताना बापाला वाट मिळावी म्हणून एकटाच फ्रीज भिंतीला सरकवत होता. ते झालं तर पायरीवर बसला, आणि एकेक इस्त्री घेऊन तिची वायर गुंडाळायला लागला. नीट, वेटोळं करून, टोक आत खोचून. एक झाली की बाजूला, दुसरी. नवा कोट अंगात, वर आपल्याच लग्नाचा निकाल लागतोय, आणि हा वायरी गुंडाळतोय. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघत नव्हतं.

"सगळ्या गुंडाळल्यात त्यानं," रंद म्हणाली. आवाज जरा वेगळाच. "पंख्यांच्यासुद्धा."

मागून उम्म घैथ, इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली, "तुम्ही जन्मात एकदा तरी गुंडाळलीत का हो?"

मी म्हटलं, "मग काय सांगू बाहेर?"

रंद म्हणाली, "हो सांगा." आणि लगेच तोंड फिरवून कुनाफ्याच्या ताटाशी काहीतरी करायला लागली, ज्याला काही करायची गरज नव्हती.

बाहेर आलो, म्हटलं, "मुलगी तुमची!" सगळ्यांनी कुराणातली फातिहा म्हटली. आतून बायकांनी असा जल्लोष केला की खालच्या गल्लीतली कुत्री भुंकली. उसैदला खालून ओढून आणलं, हाताला वायरींची धूळ. अबू तरादांनी कॉफीचा पेला उचलला, ओठांपर्यंत नेला... आणि थांबले. पुन्हा खाली ठेवला.

"अबू घैथ, अजून एक मागणं आहे."

म्हटलं, आता काय? मेहर? घर? अट?

ते म्हणाले, त्याच आवाजात, मुलगी मागितली त्याच आवाजात, "आमच्याकडे करकला एक फ्रीज पडून आहे. दोन दारांचा. कुणी नेत नाही."

आता जाहाला कुणी नाही म्हणतं का? मी म्हटलं, "आणा." त्यांनी कॉफी प्याली. आणि मग धावपट्टीवरचे काका म्हणाले, "माझा कूलर आहे." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "विहिरीची मोटर चालेल का?"

रविवारी ट्रक आला, मोठा, आणि माझा टीव्ही, सगळं सामान घेऊन गेला. लुजैननं कुनाफा खाल्ला. लग्न झालं, रंद सुखात आहे, त्या घरात एकही वायर जमिनीवर दिसत नाही म्हणे. आणि करकहून व्याही येतात. दर महिन्याला, प्रेमानं, कधी रिकाम्या हातानं नाही. जुनी म्हण आहे ना आपली, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं? अहो, घोडं परवडलं असतं... घोडं निदान आपल्या पायांनी जिना तरी चढतं!